नसीम, तुझ्या पाटीवरचा तो शब्द

नसीम,

तुला नेलं त्या सकाळी तुझ्या घरासमोर उभी असलेली माणसं पाहून माझ्या मनात आधी दुःख आलं नाही. हेवा आला. चंद्रपूरहून, बल्लारपूरहून, वणीहून लोक आले होते, एक जोडपं तर पहाटेची बस धरून चामोर्शीहून आलं होतं. सगळे बहिरे. रस्त्याच्या दोन्ही कडांना उभे राहून ते तुझ्याबद्दल बोलत होते आणि मधून कोळशाचे ट्रक जात होते, त्याचा त्यांना काही अडथळा नव्हता. ट्रक निघून गेला की अर्धवट राहिलेलं वाक्य पलीकडचा माणूस तिथूनच पुढे सुरू करायचा. एक जण तू चिडल्यावर कापडावर कात्री कशी ठेवायचीस ते करून दाखवत होता, आणि पलीकडची बाई डोळे पुसत मान हलवत होती, हो, अगदी अशीच.

मी तुझ्या अंगणात बायकांमध्ये बसले होते. त्या हळू आवाजात, तोंडाला पदर आणि ओढणी लावून बोलत होत्या, म्हणजे मला काहीच कळत नव्हतं. तरी मी दर थोड्या वेळाने मान डोलावत होते. रस्त्यावरचं मात्र मला बरंच कळत होतं. पण मी उठून तिथे गेले नाही. तू आत पांढऱ्या कपड्यात होतीस आणि मी बाहेर बसून विचार करत होते की मी गेले तर रस्त्याच्या दोन कडांना कोण उभं राहील. एवढी मी तुझ्यावर जळत होते. तुझ्यापासून मी कधी फारसं लपवू शकले नाही, म्हणून हेही सांगून टाकते.

तू बोललेलं इथे मी मराठीत लिहिणार आहे, पण ते माझं मराठी आहे. तुझी भाषा हातांची आणि चेहऱ्याची होती, तिचा क्रम वेगळा होता, आणि तिच्यातली अर्धी मजा कागदावर येत नाही. ती भाषा मी बत्तिसाव्या वर्षी शिकायला लागले. तुला ती शाळेच्या वसतिगृहात सहाव्या वर्षी मिळाली. याचाही हेवा आहेच.

आपली पहिली भेट तुला वेगळीच आठवायची. तू सगळ्यांना सांगायचीस की एक बाई भुतासारखी भिंतीला चिकटून बसली होती. चंद्रपूरला अपंगत्वाच्या नव्या कार्डासाठी तपासणी होती. खिडकीतला माणूस नावं पुकारत होता, आणि पुकारत होता कोणाला, तर कान तपासायला आलेल्यांना. मी साडेनऊपासून त्याच्या ओठांवर डोळे लावून बसले होते. माझं नाव येईल आणि निघून जाईल या भीतीने पाणी प्यायलाही उठले नाही. तू अकराला आलीस. खिडकीशी गेलीस, एका चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहून त्या माणसाच्या टेबलावर ठेवलंस, त्याला हात हलवून दाखवलंस की असं बोलाव, आणि समोरच्या झाडाखाली जाऊन डबा उघडलास. तासाभराने त्या माणसाने उठून, खिडकीबाहेर हात काढून तुला बोलावलं. तू हात धुऊन आलीस.

मग तू माझ्याकडे आलीस. हातांनी काहीतरी विचारलंस. मी तोंडाने म्हटलं, मला ऐकू येतं, थोडंच कमी. तू माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंस आणि सरळ माझ्या कानावरचे केस बाजूला केलेस. आत यंत्र होतं. आईने लहानपणापासून माझी वेणी कान झाकूनच घातली, कॉलेजच्या फोटोतही माझे कान दिसत नाहीत. आणि तू, ओळख ना पाळख, पन्नास माणसांसमोर ते केस उचललेस. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. तू खिशातून पेन काढलंस, माझ्या हातातल्या कागदावरून माझ्या नावाची चिठ्ठी केलीस आणि खिडकीतल्या माणसापुढे ठेवून आलीस. मग मला डब्यातली भाजी दिलीस. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून मी खाल्ली.

माझं तसं सगळं चांगलं झालं होतं, नसीम. हे मी तुला किती वेळा सांगितलं आणि तू किती वेळा भुवई उडवलीस. चौथ्या वर्षी तापात माझा डावा कान पूर्ण गेला, उजवा थोडा उरला. घरात कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील धानाच्या शेतात, बांधीत, आणि आई माझ्यासमोर, भिंतीला टेकून, एकेक शब्द ओठ मोठे करून. आमच्या गावच्या शाळेतले गुरुजी सगळा धडा फळ्यावर लिहायचे, फक्त माझ्यासाठी, आणि फळ्याकडे तोंड असताना एक शब्दही बोलायचे नाहीत. चामोर्शीला हायस्कूल, गडचिरोलीला बी.ए. आज मी राजुऱ्याला पंचायत समितीत लिपिक आहे. त्या गुरुजींच्या पाया पडायला मी अजून दर दिवाळीला जाते.

एकदा तू विचारलंस, गुरुजींनी तुला पदवी दिली, त्यांनी तुझे हात का बांधले? मी म्हटलं, कोणी बांधले नाहीत. तू म्हणालीस, मग ते मांडीखाली का ठेवून बसतेस? मी पाहिलं तर खरंच दोन्ही हात मांडीखाली होते. शाळेच्या वयात मी हातवारे करायला लागले की आई म्हणायची हात खाली, आणि ते तसेच राहिले असावेत. माझ्या गुरुजींबद्दल कोणी असं बोलावं हे मला चालत नाही, आजही नाही. पण तू माझ्या जागी त्या शाळेत असतीस तर काय झालं असतं, आणि मी तुझ्या वसतिगृहात असते तर, हे मी अनेकदा मनात करून पाहिलं. दरवेळी तुझंच बरं निघतं. मग मी मनातल्या मनात तुझ्या आठवी नापासाकडे बोट दाखवते आणि स्वतःला समजावते. एवढी मी हलकी आहे.

पाटीची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त लागली. तू शिलाईचं नवीन दुकान घेतलंस तेव्हा म्हणालीस, पाटीचा मजकूर तू लिही, तू ऑफिसची. मी मोठ्या मनाने लिहून आणला: ‘सदर दुकान मूकबधिर महिलेमार्फत चालविण्यात येत असून ग्राहकांनी कृपया सहकार्य करावे.’ तू एकेक शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारलास. ‘सदर’ म्हणजे काय ते मला तुझ्या भाषेत सांगता येईना. ‘सहकार्य’ कळल्यावर तू विचारलंस, मी त्यांचा ब्लाउज शिवते, त्यांनी मला कसली मदत करायची? आणि ‘मूक’ कळल्यावर तू दोन्ही हात माझ्या नाकासमोर आणून बोटं नाचवलीस. हे काय आहे मग?

मी दुसरे शब्द दिले. ‘कर्णबधिर’ तुला लांबडा वाटला. ‘दिव्यांग’ कोणत्यातरी योजनेच्या फॉर्मवर पाहिला होतास, म्हणालीस यात माझा कान कुठे आहे. शेवटी तू मलाच विचारलंस की रस्त्यावरचे लोक मला काय म्हणतात. मी सांगायला तयार नव्हते. तू शेजारच्या किराणावाल्याला कागद-पेन देऊन लिहून घेतलंस. त्याने लाजत लिहिलं, बहिरी. तू तोच शब्द घेतलास. लाल रंगात: ‘मी बहिरी आहे. समोर या. बोटाने दाखवा. माप मी घेते.’

त्या शब्दाने मला शाळेत हाक मारायचे, नसीम. मागून. मी वळत नाही हे पाहायला. तू तो दारावर टांगलास आणि त्याखाली बसून बाजारातल्या बायकांच्या पाठीची मापं घेत राहिलीस. मी त्या पाटीखालून आत येताना मान खाली घालायचे. तुझ्या भाषेत त्यासाठी एक छोटीशी खूण होती, कानाशी बोट आणि मग ओठांशी. तू स्वतःची ओळख करून देताना ती आधी करायचीस, नाव नंतर. मला ती करायला लावायचा तू किती प्रयत्न केलास. मी दरवेळी बोट कानापर्यंत नेऊन केस सारखे करायचे. तू म्हणायचीस, नोकरी त्या शब्दावर, राखीव जागेतून घेतलीस आणि बाजारात ओळख देत नाहीस. मी म्हणायचे, तुला बोलायला काय जातं, तुझा नवरा बहिरा, मैत्रिणी बहिऱ्या, तुझी दोन लेकरं ऐकणारी असून आधी हातांनी बोलायला शिकली. मला लग्नाच्या बाजारात उभं राहायचं आहे. यावर तू माझा हात हातात घेतलास. माझ्यावर दया आली असावी. त्या दयेने मी आणखी जळले.

आमच्या गावी आलीस तो दिवस तुला आठवत असेल. मंडईचे, दिवाळीनंतरच्या जत्रेचे, दिवस होते. आईने अंगणात खाट टाकली, तुला पाटावर बसवून झुणका-भाकर वाढली. तू तिला हातांनी सांगत होतीस की तिचं लुगडं छान आहे, आणि ती समजत होती, हसत होती. मी तुझ्याशी हातांनी बोलायला लागले तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. कुंपणापलीकडे शेजारणी उभ्या होत्या.

“मंदे, हात नको हालवू वो,” ती म्हणाली. “मानसं पाहून राह्यले. थे मुकी हाये, तू काई तशी नाई ना.”

तू लगेच मला विचारलंस, काय म्हणाली? मी म्हटलं, आणखी भाकर हवी का विचारते आहे. तू आईकडे पाहिलंस, कुंपणाकडे पाहिलंस, माझ्या हातांकडे पाहिलंस. ते परत मांडीखाली गेले होते. मग तू म्हणालीस, हो, हवी. आणि पोट भरलेलं असताना आणखी एक भाकर खाल्लीस. माझं खोटं तू असं गिळलंस. परतताना बसमध्ये मी वाट पाहत होते की तू भांडशील. तू खिडकीबाहेर पाहत राहिलीस. आपलं ते भांडण व्हायचं राहूनच गेलं, आणि आता मी एकटीच ते दोन्ही बाजूंनी भांडते.

तुझ्या लोकांत नाव देण्याची रीत आहे. कागदावरचं नाव कागदावर. हाताने हाक मारायला वेगळं, दिसणारं नाव लागतं, आणि ते स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. इतरांनी द्यावं लागतं. तुझं नाव म्हणजे अंगठ्या-तर्जनीने ओठांतली टाचणी काढणं. तुझ्या नवऱ्याचं, अस्लमचं, भुवईवरचा व्रण. कोणाचं ढेरी, कोणाचं नकटं नाक, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. मी दोन वर्षं रविवारी दुपारी तुझ्या दुकानामागच्या खोलीत, तुम्ही सगळे बहिरे जमायचात तिथे, येत राहिले आणि मला नाव मिळालं नाही. ‘ती ऑफिसवाली’ म्हणून दाखवायचे. मी विचारायचे नाही, पण प्रत्येक नव्या माणसाला नाव मिळताना मी आपले रविवार मोजायचे. वणीची ती पोरगी तिसऱ्या रविवारी नाव घेऊन गेली. तिची खळी. मला खळी नाही म्हणून मी घरी येऊन आरशात पाहिलं होतं.

मग एका रविवारी तूच उभी राहिलीस, टेबलावर थाप मारून सगळ्यांना वळवलंस आणि मला नाव दिलंस. मान डोलावणं. हळू, शहाण्यासारखं, डोळे थोडे बारीक करून, हो हो हो. खोलीतले सगळे एकदम हसले, कारण ते इतकं बरोबर होतं. न ऐकलेल्या गोष्टीला मी अशीच मान डोलावते. साहेबांसमोर, भाजीवाल्यासमोर, आत्याच्या तेराव्याला. तीस वर्षं ज्याच्यावर माझं निभलं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि ते आता माझं नाव होतं. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, तुमच्या टाळ्या. मी चप्पल घातली आणि निघून गेले.

तू दुसऱ्या दिवशी व्हिडिओ पाठवलास. नाव म्हणजे लाज नाही, तू म्हणालीस, ढेरीवाला रडला का? मी पाहिला आणि उत्तर दिलं नाही. तू आणखी तीन पाठवलेस. शेवटच्यात तू नुसती माझ्याकडे पाहत राहिलीस, मागे शिलाई मशीन थरथरत होतं. चार महिने मी रविवारी घरी कपडे धुतले. तुझ्या दुकानावरून जावं लागू नये म्हणून ऑफिसला लांबच्या रस्त्याने जायचे. तिथून जाताना आत हात हलताना दिसले असते, माझ्यावाचून.

मग अस्लमचा व्हिडिओ आला. ताप, पेशी खाली, चंद्रपूरच्या दवाखान्यात आहे, तू ये, तुला बोलता येतं. मी अर्धी रजा टाकून बस धरली. आणि तुला खरं सांगते, बसमध्ये काळजीच्या खाली मला थोडं बरं वाटत होतं. तुम्हा सगळ्यांना आता माझी गरज पडली होती. माझं तोंड कामी येणार होतं.

तू खूप वाळली होतीस. डाव्या हाताला सलाईन, उजवा मोकळा. मला पाहून तू आधी म्हणालीस, जाड झालीस. मग डॉक्टर आले. उंच, घाईत, तोंडावर मास्क. बोलताना फाईल पाहत होते. मास्क हलत होता, आवाज येत होता, एकही शब्द येत नव्हता. वाक्य संपलं की ते माझ्याकडे बघायचे आणि मी मान डोलवायचे. तीन वेळा. अस्लम माझ्याकडे पाहत होता, तू पाहत होतीस, आणि मी शिकलेली, बोलणारी, तुमच्या बाजूची बाई म्हणून तिथे उभी होते. साहेब, मास्क खाली घ्या, मी बहिरी आहे. एवढंच म्हणायचं होतं. मला ते म्हणता आलं नाही. डॉक्टर गेले.

तू विचारलंस, काय म्हणाले?

मी म्हटलं, घाबरू नको म्हणाले. औषध बदलतो म्हणाले. बरी होशील.

तू माझ्याकडे पाहिलंस. मग एका हाताने विचारलंस, ऐकलंस?

मी मान डोलावली.

दहा मिनिटांत दवाखान्याची माणसं तुला न्यायला आली. आम्हाला वाटलं तपासणीला नेतात. तुझी लेकरं खाली मावशीबरोबर केळी खात होती. मी म्हटलं, येईलच आता परत. नंतर व्हरांड्यात एक सिस्टर मास्क हनुवटीवर ओढून चहा पीत होती, तिच्या ओठांवर मी ते वाचलं. “लेकराइले भेटवलं ना बाई? डॉक्टर साहेबानं सांगतलं होतं तुमाले, नागपूरले न्यायच्या आंधी नळी टाकन, मंग हात बी बांधून ठेवा लागन, काय बोलाचं थे आताच बोलून घ्या मनून.” मी जिन्यावरून पळाले. रुग्णवाहिका फाटकाबाहेर वळत होती.

तू त्यानंतर कोणाशी बोलली नाहीस. बोलणार कशी, नळी ओढू नयेस म्हणून हातच बांधलेले. सात वर्षांचा तुझा लेक अजून विचारतो की अम्मीने जाताना काय सांगितलं. सांगायला काही नाही, कारण मी तुमच्यामध्ये उभी होते.

अस्लमला मी तुला दफन केल्यावर आठव्या दिवशी सांगितलं. तुझ्या दुकानात, बंद मशीनसमोर बसून, सगळं, तीन वेळा मान डोलावली त्यासकट. त्याने एकच प्रश्न विचारला. ऐकू आलं नाही, हे का सांगितलं नाहीस? मी हात उचलले आणि तसेच धरून राहिले. मग त्याने डोळे मिटले. तुझ्या माणसांनी डोळे मिटले की दार लागतं, त्याला कडी वाजवता येत नाही. मी अर्धा तास त्याच्यासमोर बसले होते. तुझ्या नवऱ्याचा मला कधी वेगळा हेवा वाटला असेल तर त्याच दिवशी: त्याला तुझ्याशी बोलायचं असेल तर डोळे मिटून बोलता येत असेल. मी मिटले की मला डॉक्टरचा मास्क दिसतो.

तुझ्या चाळिसाव्या दिवशी त्याने बोलावलं. निरोप छोटा होता: ये, नातेवाईक बोलतील ते सांगायला कोणी नाही. माफी त्यात नव्हती. काम होतं. मी गेले.

एका बाजूला सतरंजीवर तुझी ऐकणारी माणसं, दुसऱ्या बाजूला रविवारची सगळी. मी मध्ये. अस्लमचे थोरले भाऊ, बडे भाई, पाहुण्यांना सांगत होते. मन मोठं आहे त्यांचं, तुझ्या आजारात तेच धावले. पण बोलताना दाढीवर हात असतो आणि अर्धे शब्द मुठीत जातात. “बिचारी गूंगी थी,” एवढं मला मुठीबाहेर दिसलं, “लेकिन सिलाई में उसका हाथ कोई नहीं पकड़ सकता था.”

अस्लमने भुवया उंचावल्या. काय म्हणाला?

मला आईचं अंगण आठवलं. माझ्या हातांत भाकर तयार होती: तुझी तारीफ करत आहेत. मी ती केली नाही. जसं होतं तसं सांगितलं, बिचारीसकट. अस्लमचा चेहरा कडक झाला. तो म्हणाला, त्याला सांग, ती मुकी नव्हती. ती बहिरी होती. घरात सगळ्यांत जास्त तीच बोलायची, आणि त्याने वीस वर्षांत तिचं एक वाक्य शिकून घेतलं नाही. मी ते तोंडाने सांगितलं. माझा आवाज कुठे चढतो आणि कुठे पडतो ते मला कळत नाही, पण सतरंजीवरची सगळी माणसं वळली, म्हणजे चढला असावा.

बडे भाई रागावले नाहीत. त्यांनी मलाच जवळ बोलावलं आणि काहीतरी समजावू लागले. मला ‘बेटी’ दिसलं, ‘तू तो सुनती है’ दिसलं, मग हात परत दाढीवर गेला. त्यांचं बोलून झालं. ते माझ्याकडे पाहत थांबले. माझी मान निघाली होती, नसीम. अर्धी खाली गेलीही होती.

“नाई भाई,” मी म्हटलं. “मले नाई आयकू आलं. मी बी बहिरीच आहो. तोंडावरचा हात काढा अन् मंग बोला.”

आणि एक बोट कानाशी नेऊन ओठांशी आणलं, समोरच्या बाजूला दिसावं म्हणून.

मला वाटलं होतं त्यानंतर काहीतरी हलकं वाटेल. तू तसं सांगायचीस. झालं एवढंच की सतरंजीवरच्या बायकांनी माझ्याकडे त्या नजरेने पाहिलं जी मी शाळेपासून चुकवत आले होते. बडे भाईंनी हात काढला, पण आता ते तोंड एवढं मोठं फाडून बोलू लागले की बहुतेक शब्द ओठांवर बसेनात. दोन मिनिटांपूर्वी ते माझ्याशी माणसासारखं बोलत होते. आता त्यांनी पाच बोटांचा घास करून स्वतःच्या तोंडात घातला आणि ओरडले, शेजारची म्हातारी दचकली म्हणून मला कळलं की ओरडले: “खाना! खाएगी! तू!”

अस्लमने विचारलं, काय म्हणतो आहे? मी करून दाखवलं. घास, फाडलेलं तोंड, दचकलेली म्हातारी, सगळं. त्या बाजूचे एकेक जण हसायला लागले. ढेरीवाला हसला, वणीची पोरगी हसली. तुझ्यानंतर पहिल्यांदा अस्लम हसला, हसता हसता रडला, आणि सरकून त्याने त्यांच्या ओळीत माझ्यापुरती जागा केली.

मी तिथे बसले. माझे कान तापले होते आणि मला अजिबात हसू येत नव्हतं. तुझ्याशी लोक रोज असंच बोलायचे, भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत, आणि तू रविवारी त्यांची नक्कल करून आम्हाला लोळवायचीस. ते तुला कसं जमायचं, हे मी कधी विचारलं नाही. त्या ओळीत, तुझ्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसलेली असतानाही मी तुझ्यावर जळत होते.